घरचं गुलाबपाणी

"हलू नका, डोळे मिटून बसा," असं बजावून सिस्टर बाहेर गेली. दार पुरतं लागायच्या आत शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, "तुमच्यापण डोळ्यात कागद घातलाय का?"

"गप्प बसायला सांगितलंय," मी डोळे न उघडता म्हटलं.

"हलू नका सांगितलंय. बोलू नका असं कुठं म्हटल्या त्या?"

आवाज तरुण होता आणि उगाचच मजेत होता. मला रागच आला. गंगापूर रोडवरच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी काही मौज करायला आले नव्हते. माझ्या दोन्ही खालच्या पापण्यांत कागदाची एकेक बारीक पट्टी अडकवली होती आणि तिचं टोक गालावर लोंबत होतं. पट्टी किती भिजते त्यावरून डोळ्यांत पाणी किती ते कळणार होतं. चष्मा घालवायचं लेझर ऑपरेशन करायचं, तर आधी ही तपासणी.

"कसे दिसत असू ना आपण आत्ता?" तो म्हणाला.

"चष्म्याशिवाय मला आरशातली मीसुद्धा दिसत नाही. तुमचा विचार कशाला करू?"

"नंबर किती?"

"मुलीला वय आणि नंबर विचारत नाहीत."

"माझा साडेसहा."

"माझा सात!" मी पटकन बोलून गेले... शर्यत जिंकल्यासारखी. तो खळखळून हसला आणि लगेच "आई गं" म्हणाला, बहुतेक पट्टी टोचली असावी. मलाही हसू फुटलं, आणि माझीही टोचली.

दार उघडलं. "कोण बोलतंय?" सिस्टरने विचारलं. आम्ही दोघंही मुके.

नंतर डॉक्टरबाईंनी मला आत घेतलं, डोळ्यांत पिवळं औषध घातलं, निळ्या दिव्याखाली बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. "तृप्ती, आत्ता नाही करता येणार ऑपरेशन. डोळे फार कोरडे आहेत तुझे. पाणी कमी, आणि जे आहे ते टिकत नाही. बुबुळावर कोरडे ठिपके पडलेत. असंच लेझर केलं तर मोजमाप चुकेल, आणि नंतर डोळे आत्तापेक्षा जास्त चुरचुरतील. आधी हे बरं करू."

"किती दिवस लागतील?"

"ते डोळे ठरवतील."

"डोळे माझे आहेत, मी ठरवीन."

"ठरव," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण ऑपरेशन मी करणार आहे. मी नाही ठरवलं अजून."

आता माझी तणतण कशासाठी होती ते सांगते. मखमलाबादच्या पुढे आमचं गुलाबांचं पॉलिहाऊस आहे. बाबा, मी आणि कामाच्या बाया. पहाटे आत पाऊल टाकलं की दमट हवेने चष्म्याच्या काचा पांढऱ्या होतात. पुसा, पुन्हा पांढऱ्या. अंदाजाने कात्री चालवून बोटं किती वेळा कापली असतील! म्हणून मी लेन्स लावायला लागले आणि उजाडल्यापासून झोपेपर्यंत त्या काढायचीच नाही. बारावीपासून माझ्या मनात एकच होतं: डोळे उघडायचे आणि आढ्याचे वासे स्पष्ट दिसायचे. कुणासाठी नाही... मला हवं होतं म्हणून.

आणि मग प्रतिभाआत्या आली. तिने पुण्याचं स्थळ काढलं. मुलगा कंपनीत, फ्लॅट बाणेरला, फोटो पसंत. फक्त मुलाच्या आईचं म्हणणं पडलं, "मुलगी छान आहे, पण चष्मा फार जाड." आत्याने त्यांना तिथल्या तिथे सांगून टाकलं, "चष्मा जाणारच आहे हो! ऑपरेशन ठरलंय." झालं. माझं इतक्या वर्षांचं स्वप्न आत्याने एका फोनमध्ये मुलाकडच्यांना देऊन टाकलं. फेब्रुवारीत ते बघायला येणार होते. तोवर चष्मा जायला हवा होता.

बाहेर काउंटरपाशी मी चष्मा लावला, त्याच वेळी शेजारच्यानेही लावला. उंच, उन्हात रापलेला, दाढी वाढलेली, काचा माझ्याइतक्याच जाड. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. कुणीच चटकन नजर काढून घेतली नाही, आधी नीट दिसायला हवं ना!

"सात नंबर?" त्याने विचारलं.

"साडेसहा?"

"नापास?"

"नापास."

"मी धनराज. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसमधे कोल्ड स्टोरेज बघतो. गारठ्यातून बाहेर आलं की काचांवर नुसतं धुकं." तो कडवट हसला. "डॉक्टर म्हणल्या तिथला पंख्याचा गार वारा डोळे सुकवतो."

"माझ्या काचा आत जाताना धुरकटतात," मी म्हटलं. "तुमच्या बाहेर येताना."

"म्हंजे दारात भेटलो तर दोघंबी आंधळे."

मी हसायचं नाही असं ठरवलं होतं. ते काही जमलं नाही.

*

दर गुरुवारी आमच्या पापण्यांना गरम शेक देत. डोळ्यांवर गरम मास्क बांधून दोन खुर्च्यांवर दोघं आडवे, नंतर सिस्टर पापण्यांच्या कडा दाबून तुंबलेलं तेल मोकळं करायची. ते दुखायचं. दुखलं की तो मोठ्याने पिंपळगावच्या कांद्याचा भाव सांगायचा आणि मी फुलबाजारातला गुलाबाचा. सिस्टर म्हणायची, "दवाखाना आहे हा, मार्केट यार्ड नाही."

त्याचा चेहरा बघण्याआधी मी त्याचा आवाज ओळखायला शिकले. आज तो थकलाय, आज खोटं बोलतोय, आज मुद्दाम चिडवतोय... सगळं मास्कखाली अंधारात कळायचं. चौथ्या की पाचव्या गुरुवारी 'तुम्ही' गळून पडलं. कुणी आधी 'तू' म्हटलं यावर अजूनही आमचं भांडण आहे. त्यानेच म्हटलं.

घरी करायचा अभ्यास वेगळा. थेंब घाला, शेक घ्या, जवसाची चटणी खा, लेन्स अजिबात लावू नका, आणि पापण्या पूर्ण मिटा. डॉक्टरबाईंच्या मते आम्ही दोघंही अर्धवटच पापण्या मिटत होतो. त्यामुळे शेक झाल्यावर समोरच्या टपरीवर चहा घेताना आम्ही समोरासमोर बसून पापण्यांचा सराव करायचो. मिटा... थांबा... उघडा. मिटा... थांबा... उघडा.

"तू थांबत नाहीस," तो म्हणायचा. "लगेच उघडतेस."

"तुला कसं कळलं? तू मिटले नव्हतेस म्हणजे."

"तुझं चुकतंय का ते कुणीतरी बघाया पायजे ना."

"माझी मी बघते."

"डोळे मिटून?"

चहावाला आमच्याकडे बघून गालातल्या गालात हसायचा आणि आलं जास्त घालायचा.

पुन्हा पट्टीची तपासणी होती त्या गुरुवारी धनराज पार्किंगमध्ये माझी वाट बघत उभा होता. पाठीमागे हात लपवलेले. मला वाटलं फूल असेल. माझ्यासारख्या गुलाबवालीला फूल देणारा मुलगा किती बावळट असेल असा विचार करून मी तयार झाले, तर त्याने पुढे धरला एक लालभडक कांदा आणि खिशातली सुरी.

"उन्हाळी नाय, लाल हाय. लय झोंबतो," तो अभिमानाने म्हणाला. "तपासणीच्या आधी दोघांनी नाकाखाली धरायचा. पट्ट्या अशा भिजतील की डॉक्टर आजच तारीख देतील."

खरं सांगायचं तर मला तो बेत फार आवडला. आम्ही स्कूटरच्या सीटवर कांदा चिरला. डोळ्यांतून धारा लागल्या, नाकातून पाणी, एकमेकांकडे बघून हसून हसून आणखी रडलो. वॉचमनने येऊन विचारलं, "घरी कुणाचं काही झालं का हो?"

आत डॉक्टरबाईंनी नुसता एक श्वास घेतला. "भेळ खाऊन आलात की भजी?"

आम्ही माना खाली घातल्या.

"कांद्याने आलेलं पाणी नुसतं धुऊन जातं," त्या म्हणाल्या. "मला हवंय ते पाणी काहीही झालं नसताना डोळ्यांत असतं. ते मिळवायला वेळ लागतो आणि ते फसवून मिळत नाही. पुढच्या गुरुवारी या, नाकं धुऊन."

*

पुढच्या गुरुवारी धनराज पास झाला. कोल्ड स्टोरेजमध्ये तो आता चारी बाजूंनी बंद गॉगल लावून जायचा, थेंब वेळेवर घालायचा. त्याला ऑपरेशनची तारीख मिळाली.

माझे ठिपके मात्र तसेच. उलट वाढलेले. डॉक्टरबाई कोड्यात पडल्या. "पॉलिहाऊसमध्ये गंधकाचा धूर करता, तेव्हा आत जातेस?"

"नाही. दारं उघडून हवा खेळली की मगच."

"डोळ्यांत आणखी काही घालतेस? दुकानातलं कुठलं औषध? काजळ?"

"काहीच नाही," मी म्हटलं. आणि ते मला अगदी खरं वाटत होतं.

आता उपचारांचं सगळं करूनही गुण येत नाही म्हटल्यावर घरात आत्याला ऊत आला. "त्या दुसऱ्या दवाखान्यात चौकशी केलीय मी," ती म्हणाली. "कागद-बिगद काही घालत नाहीत. शनिवारी जायचं, शनिवारी घरी. पुण्याचे त्यापुढच्या रविवारी येतायत. बाई डोळे कोरडे म्हणते! एवढे पाणीदार डोळे आहेत पोरीचे."

बाबा काही बोलले नाहीत. बाबा कधीच काही बोलत नाहीत. आई माझ्या पापण्यांवर रात्रीच्या ओल्या कापसाच्या घड्या ठेवत म्हणाली, "तुला योग्य वाटेल ते कर बाळा." डोळे इतके चुरचुरत होते की मला काहीच योग्य वाटत नव्हतं.

मी हे गुरुवारी टपरीवर धनराजला सांगितलं. वाटलं, तो चिडेल, निदान काहीतरी विनोद करेल. तो गंभीर झाला आणि म्हणाला, "कशाला करतेस ऑपरेशन? करूच नको. मला तर तू चष्म्यातच लय आवडतेस."

पहिल्यांदाच तो असं काही बोलला होता. छातीत काहीतरी लख्ख हललं... आणि पुढच्याच क्षणी माझं डोकं फिरलं.

"तुला कुणी विचारलं?"

"अगं, मी चांगलं म्हणून—"

"पुण्याच्या बाईला चष्मा नको, म्हणून काढायचा. तुला हवा, म्हणून ठेवायचा. यात मी कुठे आहे रे? पहाटे काचा पुसत कोण उभं असतं? तू? स्वतःची तारीख खिशात घालून मला शिकवतोस, करू नको म्हणून!"

"तृप्ती, ऐक तरी..."

"नाही ऐकत. पापण्या कशा मिटायच्या ते सांग फार तर. बाकी माझ्या चेहऱ्यावर काय असावं यावर कुणाचंही मत नकोय मला."

चहा तसाच टाकून मी निघाले. त्याच तिरीमिरीत घरी जाऊन आत्याला म्हटलं, "चालेल. शनिवारी जाऊ." शहाणपणा नव्हता तो, मला माहीत होतं. पण रागात माणूस दुसऱ्याला दाखवायला स्वतःचाच हात पोळून घेतं, तसं झालं.

*

शुक्रवारी दुपारपर्यंत त्याचे कितीतरी फोन येऊन गेले. मी एकही घेतला नाही. पण न घेतलेल्या फोनवरही मला त्याच्याशी भांडायचं होतंच. मुख्य मुद्दे राहून गेले होते! शेवटी पिकअप काढली आणि हायवेने थेट पिंपळगाव गाठलं. खोक्यांचे भाव विचारायचेत असं बाबांना सांगितलं. व्हॅलेंटाइनची गर्दी तोंडावर होती, त्यांना खरंही वाटलं.

पॅकहाऊसमध्ये बाया टोप्या घालून रांगेत बसल्या होत्या, कात्रीने घडातले खराब मणी काढत होत्या. कोल्ड स्टोरेजचं जाड दार उघडून धनराज बाहेर आला. गॉगल वर केला, आतला चष्मा पांढरा. मी अगदी समोर उभी होते तरी त्याला दिसले नाही.

"कोणे?"

"मी."

तो काचा पुसायचासुद्धा विसरला. "तृप्ती... मी काल चुकलो. फोनवर तेच सांगणार होतो."

आता माझी पंचाईत. एवढं ठरवून भांडायला आलेली मी, आणि हा पहिल्याच वाक्यात कबूल. काहीतरी करायचं म्हणून मी बाजूच्या क्रेटमधल्या घडाचा एक मणी तोडला आणि तोंडाकडे नेला. त्याने माझ्या हातावर फटकाच मारला. मणी लांब उडाला.

"खाऊ नको ते! परत आलेला माल हाय. फवारणीनंतर थांबायचे दिवस भरले नव्हते, तपासणीत औषध सापडलंय."

"धुऊन खाल्लं असतं."

"धुऊन सगळं जात नाय. तू फुलवाली, तुला माहीत पायजे."

मला माहीत होतंच. आमच्या गुलाबांवर भुरीचा रोग पडू नये म्हणून काय काय औषधं मारतात ते मीच तर ठरवते. पाहुण्यांच्या पोरांनी पाकळी तोंडात घातली तर मी ओरडते. आमच्या फुलांचा गुलकंद करू का असं शेजारणीने विचारलं तेव्हा मी तिला हात जोडले होते. मी तशीच उभी राहिले.

"काय झालं?" धनराजने विचारलं.

"गुलाबपाणी," मी म्हटलं.

"काय?"

"आई करते. देठ मोडलेली फुलं विकली जात नाहीत, ती वाया जाऊ नयेत म्हणून उकळते आणि वाफेचं पाणी धरते. रोज रात्री माझ्या डोळ्यांवर त्याच्या घड्या. वर दोन-दोन थेंब आत. मी डॉक्टरांना सांगितलंसुद्धा नाही रे! त्यांनी विचारलं, काही घालतेस का... मी म्हटलं, काहीच नाही. ते घरचं होतं ना. घरचं काही मोजायचं असतं असं वाटलंच नाही."

डॉक्टर काय म्हणतील ते मी तिथूनच फोन करून विचारलं. पलीकडून डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजपासून बंद. आणि उद्याच्या शनिवारी कुठेही जाऊ नकोस, असं मी सांगेन. ऐकायचं की नाही ते तू ठरव." उद्याचं त्यांना कसं कळलं? मी धनराजकडे बघितलं.

"मी नाय सांगितलं," तो घाईने म्हणाला. "म्हंजे... मी फक्त विचारलं होतं, कोरड्या डोळ्यांवर शनिवारी दुसरीकडं ऑपरेशन केलं तर काय होतं. नाव नाय घेतलं."

"सात नंबरवाली म्हणालास असशील."

तो बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाला, "तृप्ती, डोळे तुझे. करायचं तर कर, नसेल करायचं तर नको करू. पण घाईनं तुझ्या डोळ्यांचं काही वाईट झालं तर मला सहन नाय होणार. एवढंच माझं मत. तेबी विचारलं नसताना सांगतोय, माफ कर."

मी त्याच्या नाकावरून चष्मा काढला, माझ्या ओढणीने पुसला आणि परत लावून दिला. पॅकहाऊसमधल्या सगळ्या कात्र्या थांबल्या होत्या.

*

आईला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. गुलाबपाण्याची बाटली तिने स्वतःच मोरीत ओतली आणि किती वेळ पाणी सोडत राहिली. "मी तुझ्या डोळ्यांत विष घातलं गं," एवढंच म्हणाली. मी तिला मिठी मारली. फवारणीचं दोघींनाही माहीत होतं, दोघीही गुलाबवाल्या, आणि तरी दोघींनाही सुचलं नव्हतं. त्यात तिची एकटीची चूक कशी?

शनिवारी मी कुठेही गेले नाही. आत्याने तोंडाचा पट्टा सोडला, मी कात्री घेऊन पॉलिहाऊसमध्ये गेले.

त्यापुढच्या रविवारी पुण्याची माणसं आली. मी चांगली साडी नेसले, केसांत आमचाच गुलाब माळला, आणि नाकावर चष्मा. घरात असलेला सगळ्यात जाड, जुन्या फ्रेमचा. पोहे घेऊन बाहेर आले तशी मुलाच्या आईने आत्याकडे बघितलं.

"ऑपरेशन... झालं नाही वाटतं?"

"झालंच म्हणा ना," आत्या म्हणाली. "पुढच्या महिन्यात..."

"नाही झालं," मी म्हटलं. "डोळे कोरडे होते माझे. बरे करायला घेतलेत. बरे झाले की होईल."

मुलगा पहिल्यांदा बोलला, "लग्नाच्या आधी होईल ना पण?"

मी बशी त्याच्यासमोर ठेवली. "ऑपरेशन मी करणार आहे, नक्की करणार आहे. मला पहाटे माझी फुलं दिसायला हवीत म्हणून. तुमच्या आईंना माझा चेहरा आवडावा म्हणून नाही. ज्याला चष्म्याची अट घालावीशी वाटते, त्याच्याशी मी चष्मा गेल्यावरही लग्न करणार नाही."

आत्याचा चेहरा गुलाबाच्याही वर लाल. मला वाटलं आता बाबा ओरडतील. बाबा उठले, त्यांनी कोपऱ्यातली गुलाबांची मोठी जुडी उचलली आणि मुलाच्या वडिलांच्या हातात दिली.

"पाव्हणं, जाताना फुलं घेऊन जा," ते म्हणाले. "पाण्यात ठेवा. खाऊ नका."

*

धनराजचं ऑपरेशन झालं. त्याचा उपचार संपला होता, दर गुरुवारी यायचं त्याला काही कारण नव्हतं. तरी तो आला. काळा गॉगल लावून दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. मला बघून उभा राहिला आणि गॉगल काढला. चष्म्याशिवायचे, उघडे, थोडे लाल, पाणी भरलेले डोळे. त्याने माझ्याकडे इतकं निवांत बघितलं की माझंच पापण्या मिटायचं तंत्र बिघडलं.

"कशी दिसते मी?" मी विचारलं.

"मत नाय देत मी आता."

"विचारतेय म्हणून दे."

"नाकावर चष्म्याचा वळ हाय. भुवई जराशी रागावलेली हाय, ती आधी दिसायची नाय. आणि..." तो अडखळला. "आणि मला तू पायजेस, तृप्ती. चष्मा असो, नसो, तो माझा विषयच नाय. आयुष्यभर पायजेस. आता हो म्हण, नाय म्हण."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मला तेव्हाच 'हो' म्हणावंसं वाटत होतं, अगदी तोंडाशी आलं होतं. पण आत्तापर्यंत सगळ्यांनी माझ्या डोळ्यांच्या तारखेला माझ्या लग्नाची तारीख बांधली होती. मला निदान हे एक उत्तर माझ्या वेळेला द्यायचं होतं.

"सांगीन," मी म्हटलं. "मला वाटेल तेव्हा. तोवर विचारायचं नाही."

"नाय विचारणार."

आणि खरंच विचारलं नाही. गुरुवारमागून गुरुवार तो येत राहिला, चहा पाजत राहिला, कांद्याचा भाव सांगत राहिला. माझे ठिपके कमी होत गेले. फेब्रुवारीच्या फुलांची धांदल संपली, द्राक्षांचा हंगाम संपत आला. एका गुरुवारी डॉक्टरबाईंनी निळा दिवा बंद केला आणि म्हणाल्या, "स्वच्छ. आता मी ठरवलंय. तुझं काय?"

"माझं बारावीपासून ठरलंय," मी म्हटलं.

ऑपरेशनच्या सकाळी बाबा मला घेऊन आले. धनराज आधीच येऊन बसला होता. बाबांनी त्याला बघितलं, त्याने बाबांना नमस्कार केला, दोघं शेजारी बसले आणि दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. माझा चष्मा काढून घेतला होता, डोळ्यांत थेंब घातले होते. ते दोघं मला दोन धूसर डाग दिसत होते, एक पांढऱ्या टोपीचा, एक निळ्या शर्टाचा.

सिस्टर आली. "सोबत एकच जण वर येईल. घरचं माणूस हवं, नंतरचे थेंब आणि काळजी समजून घ्यायला. कोण येतंय?"

बाबा उठले. निळा डाग बसूनच राहिला. त्याने तसं वचनच दिलं होतं ना मला, विचारणार नाही म्हणून.

"ते येतील," मी निळ्या डागाकडे बोट दाखवलं.

"हे तुमचे कोण?"

"होणारा नवरा."

निळा डाग झटकन उभा राहिला. "तृप्ती..." तो म्हणाला. "अगं, पण... तू मला विचारलंस कधी?"

"आत्ता विचारतेय. करशील लग्न माझ्याशी? लवकर बोल, आत बोलावतायत."

काहीच ऐकू आलं नाही.

"मान हलवू नकोस! मला दिसत नाहीये. मोठ्याने सांग."

"हो!" तो ओरडला. एवढ्या मोठ्याने की डॉक्टरबाईंनी दारातून डोकं बाहेर काढलं. "हो, हो, हो!"

मग माझा सगळा जोर संपला आणि मी बाबांकडे वळले. पांढऱ्या टोपीचा डाग जागेवरच होता. आयुष्यात कधी नव्हे इतकी भीती मला त्या क्षणी वाटली. बाबा दोन पावलं पुढे आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग धनराजकडे वळून म्हणाले, "जा जावईबापू, वर जा. थेंबाच्या वेळा नीट समजून घ्या. ती तुम्हाला विचारणार नाही, तुम्हीच ध्यानात ठेवा."